हे झाड हलवू नये

एखाद्या घरात मरांटा फारच छान वाढलेला दिसला की मला आनंद होत नाही, संशय येतो.

झाड देखणं आहे, वाद नाही. हिरव्या पानावर लाल शिरा, मधोमध फिकट पोपटी पट्टा, दोन्ही बाजूंना गडद ठिपके, आणि पान उलटं केलं की पाठ जांभळी. दिवसभर पानं आडवी पसरलेली असतात. अंधारायला लागलं की एकेक उठतं आणि सगळी हात जोडल्यासारखी उभी राहतात. पण इतकं रूप असल्यावर नखरेही आलेच. नळाचं पाणी घातलं की कडा करपतात, उन्हात ठेवलं की नक्षी विटते, पंख्याखाली ठेवलं की पानांच्या सुरळ्या होतात. त्याला हवी असते दमट हवा, आणि माणसाच्या घरात दमट हवा असते ती बाथरूममध्ये. म्हणून कुणाच्या बैठकीत तजेलदार मरांटा दिसला की लोक म्हणतात, वा, काय हात आहे तुमचा. मी मनात म्हणते, पाणी येतंय कुठून?

माझी लेक म्हणते, आईचा स्वभावच संशयी. मी म्हणते, स्वभाव नाही, धंदा आहे. विकायला काढलेली घरं मी सजवून देते. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचा, खिडकीसमोर आरसा लावायचा, पांढरे दिवे काढून पिवळे बसवायचे, कपाटं अर्धी रिकामी करून ठेवायची, म्हणजे येणाऱ्याला वाटतं की इथे जागाच जागा आहे. भिंतीला तडा असेल तर लांब पडदा. फरशी फुटकी असेल तर गालिचा. मी खोटं बोलत नाही. लोकांची नजर फक्त थोडी वळवते, आणि ती वळवून घ्यायची लोकांना हौस असते.

पंचवीस वर्षं हे केलं की दुसऱ्यांची घरं साध्या डोळ्यांनी बघता येत नाहीत. गालिचा दिसला की मी आधी खाली काय असेल ते बघते. झाड दिसलं की मागे काय असेल ते बघते.

कोपऱ्यातली ओल झाकायला मरांट्यासारखं झाड नाही. उंच झाडं भिंतीचा वरचा भाग झाकतात, पण ओल चढते खालून. मरांटा बुटका आणि पसरट. कमी उंचीच्या स्टुलावर रुंद कुंडीत ठेवला की फरशीपासून कमरेपर्यंतचा कोपरा पानांनी भरून जातो. पानांवर इतकी नक्षी असते की बघणाऱ्याचे डोळे तिथेच अडकतात, भिंतीपर्यंत पोचत नाहीत. मागची भिंत साधी, फिकट रंगाची असली म्हणजे झालं. एकच गोष्ट सांभाळायची. घर चारच्या आत दाखवायचं, कारण संध्याकाळी पानं उठतात.

अलीकडे निम्मी कामं मी घर न बघताच करते. एजंट खोल्यांचे फोटो पाठवतो आणि जिथे कुणी बघू नये तिथे बोटाने लाल गोल काढून देतो. मी सामान निवडून टेम्पोत भरून पाठवते, कुठली वस्तू कुठे ठेवायची त्याच्या चिठ्ठ्या लावून. घर विकलं गेलं की सोफे, आरसे, गालिचे परत येतात. झाड मात्र मी नव्या मालकाला भेट म्हणून ठेवते, निगा कशी राखायची ते स्वतःच्या हाताने कार्डावर लिहून. लोकांना केवढं कौतुक वाटतं. कुणी कुणी फोन करून आभारही मानतात.

तर लेक घर घेत होती.

ती, जावई आणि माझी नात, जिला आम्ही ढब्बी म्हणतो, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. झोपायच्या खोलीला खिडकीच नाही. ढब्बी दीड वर्षाची. अंगाने गुटगुटीत, पण छाती नाजूक. थोडा गारवा आला की घरघर सुरू, की निघाली वरात डॉक्टरकडे. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, हिला कोरड्या, हवेशीर खोलीत झोपवा. म्हणून घर शोधणं चाललं होतं, आणि दोन घरं ठरता ठरता माझ्यामुळे फिसकटली होती. पहिल्या घरात मी फरश्या टाचेने ठोकून बघितल्या आणि चार फरश्यांखाली पोकळ आहे असं मालकिणीच्या तोंडावर सांगितलं. दुसऱ्या घरात फक्त एवढंच विचारलं की सगळ्या दारांत एकट्या बाथरूमच्याच दाराला नवा रंग का. मालक असा भडकला की लेकीला जिना उतरेपर्यंत त्याची माफी मागावी लागली.

तिसरं घर तिने मला न दाखवताच ठरवलं. शुक्रवारी सह्या होत्या. बुधवारी तिचा फोन आला.

"आज चारला ये. बघून घे. पण कशाला हात लावायचा नाही. ठोकायचं नाही, कपाटं उघडायची नाहीत, वास घ्यायचा नाही."

"श्वास घेतला तर चालेल का?"

"चालेल, पण आवाज न करता. आई, मी हसत नाहीये. तुला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं. ह्याही घरावर तू काट मारलीस ना, तर पुढचं घर आम्ही आमचं घेऊ आणि तू पाहुणी म्हणून यायचं, इतर पाहुण्यांसारखं. फोन करून."

हे मला लागलं. एकुलती एक लेक. नवरा गेल्यापासून माझी अर्धी संध्याकाळ तिच्याच घरी असते. तिच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. पाहुणी म्हणून यायचं म्हणे! मी ठरवलं की आज तोंडाला कुलूप आणि हात पदराआड.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं ते गणिताच्या मास्तरांनी, निवृत्त, उंच, खांद्यात वाकलेले, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी. बारीक चणीच्या, गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला. "या ना, या," एवढं म्हणताना त्या दोनदा खोकल्या. दोघांच्या चेहऱ्यांवर भोळेपणा असा काठोकाठ होता की मी सावधच झाले. इतकी भोळी माणसं घर विकायला बसत नाहीत.

मी हात पदराआड ठेवून फिरले. स्वयंपाकघर चकचकीत होतं, मला वाटलं, आजच का घासलं? खिडक्या सताड उघड्या होत्या, मला वाटलं, कसला वास घालवताय? बैठकीत एकही गालिचा नव्हता, तेव्हा मला वाटलं की हे आणखीनच पोचलेले दिसतात. लेक माझ्या मागोमाग होती, पोलिसासारखी. मी प्रत्येक खोलीत फक्त "छान" म्हणत होते आणि प्रत्येक "छान" ऐकून ती आणखी काळजीत पडत होती.

"का विकताय घर?" मी विचारलं. एवढं तर कुणीही विचारतं.

"हिची छाती," मास्तर म्हणाले. "इथे आल्यापासून दोन-अडीच वर्षं खोकला हटत नाही. डॉक्टर म्हणतात हवा मानवत नाही. आता माझ्या भावाकडे, जरा कोरड्या भागात जाऊन राहावं म्हणतो."

मी लेकीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. ती म्हणाली, "रस्त्यावरची धूळ असेल हो. आजकाल सगळीकडेच."

मग आतली खोली दाखवली. ही ढब्बीची खोली होणार होती. लेकीने पाळण्याची जागासुद्धा ठरवली होती, खिडकीच्या उजवीकडच्या कोपऱ्यात, आत्ता जिथे झाड आहे तिथे.

आणि तिथे तो होता. मरांटा.

मी आयुष्यात शेकडो मरांटे सांभाळले, पण असा बघितला नव्हता. स्टूल दिसत नव्हतं, कुंडी दिसत नव्हती, नुसती पानांवर पानं, तळहाताएवढी, शिरा ओल्या रंगाने आत्ताच काढल्यासारख्या लाल. एकाही पानाची कड करपलेली नव्हती. लेकीच्या घरात मीच दिलेला मरांटा आहे, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात. तिथली हवा कोरडी. झाड तीन वर्षं कसंबसं जीव धरून आहे. मी गेले की करपलेल्या कडा पानाच्या आकारातच कात्रीने कापते, म्हणजे जरा बरं दिसतं. कुंडीखाली ताटलीत खडे घालून पाणी ठेवलं, तरी फरक नाही. आणि इथे, त्याच गावात, हा राजासारखा पसरलेला.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काय घालता ह्याला?" मी विचारलं.

"काही नाही हो," मास्तरीणबाईंचा चेहरा खुलला. "गाळलेलं पाणी. आणि सकाळ-संध्याकाळ फवारा. एक दिवससुद्धा चुकवला नाही मी, तापात असतानाही."

"घराबरोबरच आलं आमच्याकडे," मास्तर म्हणाले. "हिचा जीव आहे त्याच्यावर."

"इतकं वाढलंय, जरा पुढे ओढून ठेवलं तर?"

"नाही, नाही," दोघं एकदमच म्हणाले. मास्तर तर अर्धं पाऊल पुढे आले. "ते हलवायचं नाही."

आता मागे वळून बघताना वाटतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण आपली लबाडी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती आपल्याला त्याचीच वाटते. मला तेव्हा एवढंच दिसलं की म्हातारा घाबरला. भोळेपणाचा मुखवटा सुटला आणि चोर सापडला, असं वाटून मला आत कुठेतरी बरंसुद्धा वाटलं.

आता प्रश्न होता कसं करायचं. हात लावायचा नाही, शब्द दिलेला. तोंडाने म्हणावं, तर पुरावा नाही, आणि लेक तिथेच मला तोडून टाकेल. मी घड्याळ बघितलं. पावणेपाच. खिडकीतून ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलं होतं. तास-सव्वा तासात अंधारणार होतं. मला काही करायचीच गरज नव्हती. फक्त थांबायचं होतं. झाड आपलं आपण उठणार होतं.

"चहा मिळेल का?" मी म्हणाले.

लेकीने डोळे मोठे केले. मी कधी कुणाच्या घरी मागून चहा पीत नाही.

मग मी इतकी गोड वागले की माझं मलाच नवल वाटलं. मास्तरांना शाळेतल्या गोष्टी विचारल्या. कुठल्या वर्गात भूमिती अवघड जाते, मुलं पाढे का विसरतात, सगळं. मास्तर खुलले. फळ्यावर खडू न वाजवता कसा धरायचा ते त्यांनी चमच्याने दाखवलं. मास्तरीणबाई मधे मधे खोकत होत्या, पाणी पीत होत्या आणि हसत होत्या. एकदा तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखी आजी आहे, बाळाचं भाग्यच." लेक माझ्याकडे अशी बघत होती जशी मी संशयास्पद घराकडे बघते. दोनदा तिने "निघूया का" म्हटलं. दोनदा मी म्हटलं, "बसू गं जरा, अशी माणसं भेटतात कुठे."

सहाला खोलीतला उजेड करडा झाला.

"एक हौस पुरवाल का?" मी मास्तरीणबाईंना म्हटलं. "तुमचं झाड झोपताना बघायचंय मला."

"बघा की. आम्हीही बघायचो पहिले पहिले. आता ह्या वेळी फवारा मारून दार लोटून घेतो."

आम्ही चौघं आतल्या खोलीच्या दारात उभे राहिलो. कुणी बोलत नव्हतं, म्हणून ऐकू आलं. पानांची बारीक खसखस, जणू कुणी शेजारच्या खोलीत कागदाची घडी घालतंय. आधी वरची दोन पानं उठली, मग बाजूची, मग एकामागून एक सगळीच. जांभळ्या पाठी दिसायला लागल्या. पसरलेलं झाड आपलं अंग आवरून उभं राहिलं. मागे भिंत होती, पण अंधारात ती नुसती अंधारासारखीच दिसत होती.

"आता दिवा लावा," मी म्हणाले.

"तिथे नको," मास्तर चटकन म्हणाले. "अंधार पडल्यावर ह्या कोपऱ्यात आम्ही दिवा लावत नाही. त्याला चालत नाही. आम्हीही झोपायला अंधारातच येतो."

दिवा लावत नाहीत म्हणे! माझा संयम तिथे संपला.

"लाव गं दिवा," मी लेकीला म्हटलं. "मी कशाला हात लावत नाहीये. तू लाव."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण तिने वाद घातला नाही. बटण दाबलं.

उभ्या पानांच्या दोन्ही बाजूंनी भिंत उघडी पडली होती. फरशीपासून माझ्या कमरेच्याही वर, काळी. नुसती ओली नाही, बुरशीने काळी, काठाला हिरवट, मधे रंगाचे पोपडे सुटून लोंबत होते. पायथ्याची लाकडी पट्टी फुगून भिंतीपासून सुटली होती. त्या कोपऱ्यापासून दोन हातांवर पलंगाची उशी होती.

"हे बघ," मी लेकीला म्हटलं. "इथे पाळणा ठेवणार होतीस ना? ढब्बीचं नाक इथे आलं असतं." मग मी मास्तरांकडे वळले आणि मला आवरलं नाही. "मास्तर, पोरांना आयुष्यभर बरोबर उत्तर काढायला शिकवलंत आणि म्हातारपणी हे? दीड वर्षाची नात आहे माझी. तिच्या छातीत घरघर होते. तुम्हाला लाज नाही वाटली?"

मास्तर भिंतीकडे बघत होते. वाकून, चष्मा वर करून, फळ्यावर मुलाने भलतंच काही लिहून ठेवावं तसं बघत होते.

"हे एवढं कधी झालं?" ते म्हणाले. मला नाही, पत्नीला.

"ओल आहे ती, फवाऱ्याची," मास्तरीणबाई घाईने म्हणाल्या. "रोज मारते ना मी, ती उडते मागे. थोडी ओल दिसणारच, त्याचं काही नाही. लिहिलंय तसं. थांबा, दाखवते."

"कुठे लिहिलंय?" लेकीने विचारलं.

मास्तरीणबाईंनी खण उघडला. विजेची बिलं, औषधांचे कागद आणि त्यांच्यावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं एक कार्ड. त्यांनी ते लेकीच्या हातात दिलं.

मला वाचायची गरज नव्हती. दारातूनच मला कार्डाचा पिवळा रंग दिसला. असा पिवळा कागद मी एकाच दुकानातून आणते, गठ्ठ्याने.

लेकीने मोठ्याने वाचलं.

"हे झाड हलवू नये, त्याला हाच कोपरा मानवतो. सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारावा. फवाऱ्यामुळे मागची भिंत ओलसर वाटली तर काळजी करू नये. अंधार पडल्यावर ह्या कोपऱ्यात दिवा लावू नये, पानांना शांतपणे मिटू द्यावं."

शेवटच्या वाक्यावर तिचा आवाज हळू झाला. खाली सही नव्हती. सहीच्या जागी मी एक छोटं पान काढते, देठ डावीकडे. तिच्या शाळेच्या सगळ्या वह्यांच्या पहिल्या पानावर, तिच्या नावाखाली मी असंच पान काढून द्यायचे. तिच्या वर्गातल्या मुली तिला त्यावरून चिडवायच्या.

ती कार्डाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"आई?"

मला आठवलं नाही, हे खरं सांगते. कुठला फोटो, कुठला लाल गोल, काहीच आठवलं नाही. तसे कितीतरी होते. कुठल्यातरी सकाळी फोनवर एक खोली आली असेल, मी चहा पिता पिता बघितली असेल, मनाशी म्हटलं असेल, कोपरा, खालून ओल, मरांटा. आणि पेन घेऊन बसले असेन. ह्या चार ओळी माझ्या पाठ होत्या. पहिली ओळ कुणी झाड हलवू नये म्हणून. दुसरी ओळ तिसरीला आधार म्हणून. तिसरी तर मला फार हुशारीची वाटायची, ओलीचं कारणच त्यांच्या हाती देऊन टाकायचं. आणि चौथी, कारण पानं उठतात. मी त्याला भेट म्हणायचे. झाड तिथून निघू नये म्हणून तिथे ठेवलेलं झाड, आणि त्याला मी भेट म्हणायचे.

"मी लिहिलंय ते," मी म्हणाले. "झाड मीच पाठवलंय. घर बघितलं नव्हतं मी. पण भिंत ओली आहे हे मला माहीत होतं. झाकायलाच पाठवलं होतं."

मला वाटलं मास्तर आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पलंगाची उशी उचलली, उगाचच, आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. मग म्हणाले, "तीन डॉक्टर झाले. फोटो काढले छातीचे. हवा मानवत नाही म्हणाले." एवढंच म्हणाले आणि पलंगावर बसले.

मास्तरीणबाईंना अजून नीट उमगलं नव्हतं. त्या झाडापाशी गेल्या होत्या. मिटलेल्या पानांना हात न लावता, नुसता जवळ धरून उभ्या होत्या. खोकला आला तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं, झाडावर खोकू नये म्हणून. मग मला विचारलं, अगदी साधेपणाने, जसं निगा राखण्याबद्दल माहितगार माणसाला विचारतात.

"म्हणजे हलवलं असतं तरी चाललं असतं का हो ह्याला?"

"हो," मी म्हणाले. "कुठेही चाललं असतं."

त्यांनी मान डोलावली. "पहिल्याच वर्षी मी म्हणत होते ह्यांना, खिडकीच्या डावीकडे घेऊ या, उजेड बरा आहे. पण लिहिलेलं होतं ना."

त्यानंतर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. भिंत फोडून घेऊ, प्लंबर मी आणते, शेजारच्या बाथरूमचा पाइप असणार, खर्च माझा, असं बरंच काहीतरी. तोंड चालू होतं. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी कामाचं बोलते. मास्तर "बघू, बघू" म्हणत राहिले. लेकीने त्यांना सांगितलं की शुक्रवारचं आपण पुढे ढकलू, आणि आज रात्री तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत झोपा. मग ती आणि मास्तर मिळून पलंगावरची गादी बाहेर घेऊन गेले. मी हात लावायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे."

झाडाला मात्र कुणी हलवलं नाही.

परतताना वाटेत ती दोन पावलं पुढे चालत होती. मला वाटत होतं की भांडेल. दोन घरं मी खऱ्या कारणांनी मोडली होती आणि तिने मला संशयी ठरवलं होतं. आज तिसऱ्या घरात मी बरोबर निघाले होते, ओल जिथे म्हणत होते तिथेच सापडली होती, आणि तिने तसं एकदा म्हणावं असंसुद्धा मला वाटून गेलं. एवढी मी हावरट. रस्ता ओलांडताना तिने सवयीने माझा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

तिच्या घराशी आलो. किल्ली माझ्याच हातात होती, मी दार उघडलं. आत जावई ढब्बीला जेवू घालत होता. "कसं वाटलं आईंना घर?" त्याने हसत विचारलं. "केलं का नापास?"

लेकीने चपलाही काढल्या नाहीत. ती सरळ टीव्हीच्या कोपऱ्यात गेली, जिथे माझा दिलेला मरांटा होता. करपलेल्या कडांचा, मी कात्रीने कापून कापून नीटस ठेवलेला. त्याची पानं मिटलेली होती. तिने दोन्ही हातांनी कुंडी उचलली. खड्यांच्या ताटलीतलं पाणी फरशीवर सांडलं. झाड तिने बाजूला ठेवलं, दिवा लावला, गुडघ्यांवर बसली आणि मागची भिंत बघायला लागली.

मी दारातच उभी होते. भिंत कोरडी होती, स्वच्छ होती. ते झाड मी तिला खरोखरच भेट म्हणून दिलं होतं.

तरीही तिने बोट फिरवून बघितलं, फरशीपासून वरपर्यंत, हळूहळू, अगदी मी बघते तसं.